लाजोच्या पेल्यातलं दूध

मी इथलीच, उज्जैनची. लोक विचारतात मूळच्या कुठल्या, तर मूळ म्हणे साताऱ्याकडचं, पण ते गाव ना माझ्या वडिलांनी पाहिलं ना त्यांच्या वडिलांनी, पणजोबा की त्यांच्याही आधीचे कोणी संस्थानच्या चाकरीत इकडे आले आणि इकडचेच होऊन गेले. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, भाजीवालीशी माळवी, त्यामुळे माझं मराठी तुम्हा पुण्याकडच्या लोकांना थोडं वेगळं लागेल, लागू द्या. आमचे नाना, म्हणजे वडील, शाळेत चित्रकला शिकवायचे. आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही, आणि मी सगळ्यात मोठी, कुमुद. मॅट्रिक झाली तेव्हा देश स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली होती, संस्थान जाऊन मध्यभारत झाला होता, आणि नाना एकदम म्हणाले की कुमुद टायपिंग शिकेल. आई म्हणाली, मुलगी दफ्तरात जाणार? पुरुषांच्यात बसणार? नाना म्हणाले, बसेल, तिला दोन हात आहेत, डोकं आहे, बसेल. बस, एवढंच.

तर मी एका सरकारी कचेरीत लागली. कोणती ते नाही सांगत, अजून आहे ती, उगीच कशाला. सगळ्या दफ्तरात आम्ही दोघीच मुली, मी आणि लाजो. नाव लाजवंती, पण लाजायची कशाची, हसायला लागली की समोरचे कारकून चष्मा वर करून बघायचे. ती सिंधमधून आलेली. फाळणीत ते लोक सगळं टाकून आले, वडिलांचं तिकडे कापडाचं मोठं दुकान होतं म्हणे, आणि इथे देवास गेटजवळ फुटपाथवर चादर अंथरून ते बनियनी विकायचे. आई पापड करायची. दोन धाकटे भाऊ शिकत होते. म्हणजे घर लाजोच्या पगारावर चाललं होतं, पण ती असं कधी बोलायची नाही, ती म्हणायची, कुमुद, मी टाईप करते ना तेव्हा मला वाटतं कोणी मला आता कुठून उठवू शकत नाही. हे हिंदीत म्हणायची, तिच्या त्या सिंधी वळणाच्या हिंदीत, अब मुझे कोई नहीं उठा सकता. काय सांगू तुम्हाला, तेव्हा मला त्याचा अर्थ पूर्ण कळला नव्हता. आपण आपल्या घरात जन्मलो, त्याच घरात वाढलो, आपल्याला कोण उठवणार?

आम्ही खिडकीजवळच्या एका टेबलावर समोरासमोर बसायचो. डबा एकत्र खायचो, माझी पोळी ती खायची, तिचं ते कमळकाकडीचं लोणचं मी. येताजाता सोबत. ती फ्रीगंजच्या पुढे राहायची, मी शहरात, पण पुलापर्यंत रोज सोबत चालायचो आणि पुलावर उभं राहून अजून थोडं बोलायचो, इतकं काय बोलायचो देव जाणे.

मग ते राज्यांच्या पुनर्रचनेचं आलं. मध्यभारत जाणार, मध्यप्रदेश होणार, राजधानी भोपाळ. आज तुम्हाला वाटतं की नकाशावर एक रेघ इकडची तिकडे केली, पण दफ्तरात काय हाल होते ते आम्हाला विचारा. कोणाला भोपाळला पाठवतात, कोणाला ग्वाल्हेरला, कोणी इथेच राहतो, रोज नवीन अफवा. बिऱ्हाडं हलायची, मुलांच्या शाळा सुटायच्या. आमच्या बडे बाबूंना, म्हणजे आमच्या मुख्य कारकुनांना, आमच्यासारखेच इथले मराठी होते ते, त्यांना हुकूम आला भोपाळचा. आणि लाजोलाही आला. तिला वरची जागा देऊन. माझं नाव नव्हतं, मी इथेच राहणार होती. लाजोने ते ऐकलं आणि आधी हसली आणि मग रडली, आणि मीही. तिचे वडील आधी नाही म्हणाले, मग तिकडे भोपाळजवळ बैरागढला तिचे मामा राहायचे, सगळी सिंधी वस्ती, तर म्हणाले, ठीक आहे, मामाकडे राहील. असं ठरलं.

आता त्या माणसाचं सांगायला हवं. नाव नाही घेत, त्याची मुलंबाळं आहेत, त्यांचा काय दोष. बडे बाबूंच्या बायकोचा तो धाकटा भाऊ, दुसऱ्या कुठल्याशा खात्यात इन्स्पेक्टर, पण सारखा आमच्या दफ्तरात येऊन बसायचा. अंगाला अत्तर, म्हणून आम्ही दोघी मागून त्याला अत्तरवाला म्हणायचो. दिसायला चांगला, बोलायला गोड, सगळ्यांना पान खाऊ घालणार. लाजोच्या टेबलाशी उभा राहायचा, सिनेमाला येता का, चाट खायला येता का. ती शांतपणे नाही म्हणायची, भाईसाहब म्हणायची मुद्दाम. एकदा तो म्हणाला, तुम्ही शरणार्थी मुली तर मोकळ्या असता म्हणे, तुम्हाला काय हरकत? लाजोने टाईपरायटरवरचे हात थांबवले, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, हरकत मला आहे. बस, परत टाईप करायला लागली. तो हसला, पण त्याचं ते हसणं मला आवडलं नाही.

बडे बाबू जाणार म्हणून त्यांनी कोजागिरीला सगळ्या दफ्तराला घरी बोलावलं, घरच्या माणसांसकट. फ्रीगंजात त्यांचं घर, मागे मोकळी जागा, आंबा, पेरू, दोन सीताफळं. सतरंज्या घातलेल्या. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, मुलं मधून पळून राहिलेली. मोठ्या कढईत दूध आटत होतं, केशर, वेलची, चारोळी, वास असा की लहान मुलं कढईपासून हलेनात. आणि तिकडे विहिरीकडे एका वेगळ्या पातेल्यात भांगेचं दूध, ज्यांना हवं त्यांच्यासाठी. आता ह्यात लपवण्यासारखं काही नाही, आमच्या उज्जैनमध्ये भांग म्हणजे महाकालाचा प्रसाद, म्हातारी माणसं रोज संध्याकाळी गोळी घेतात आणि आपले गप्प देवळाच्या ओट्यावर बसतात. पण ते पातेलं वेगळं होतं, कोणाचं कोणतं ते सगळ्यांना माहीत होतं. लाजो तर भांगेच्या वासानेही नाक मुरडायची.

चंद्र अजून आंब्याच्या वर आला नव्हता. भेंड्या चालल्या होत्या, लाजोवर म आला होता. तेवढ्यात हा अत्तरवाला ताट घेऊन आला, बायकांना पेले वाटत, मोठी सेवा करून राहिला होता. सगळ्यांनी आपापला उचलला, पण लाजोचा त्याने स्वतः उचलून दिला. म्हणाला, हे खास तुमच्यासाठी, पिस्ता जास्त घातलाय, आता तुम्ही भोपाळला जाणार, रागलोभ सोडा. चार बायका बघत होत्या, काय करणार, तिने घेतला. मला कुजबुजली, कडवट लागतंय. मी म्हटलं, केशर जळलं असेल, ठेव बाजूला. पण तो समोरच उभा, प्या ना, प्या ना, आणि कोणाचं मन कशाला मोडा म्हणून तिने संपवला. तुम्हीच सांगा, आपण नाही का पीत असं? भरल्या घरात, बायकामुलांत, दुधाचा पेला.

थोड्या वेळाने ती पाणी मागायला लागली. एक तांब्या प्याली, परत मागितलं, म्हणे तोंडात कापूस भरल्यासारखं झालंय. मग हसायला लागली, पण ते तिचं हसणं नव्हतं. म्हणाली, कुमुद, दिव्याभोवती किती किडे, हाकल ना. किडे नव्हते. मी तिचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि तिचे डोळे बघितले, काळेभोर, बाहुली इतकी मोठी की डोळ्यात दुसरं काही उरलंच नव्हतं. उठायला गेली तर पायच नाही. अंग तापलेलं, कोरडं. आणि बायकांच्यात सुरू झालं, अगं बाई, भांग प्याली वाटतं, विहिरीकडे गेली असेल, ह्या मुलींचं काय, आईबाप रस्त्यावर बसतात, मुली अशा. एवढ्या बायकांत एकीनेही तिच्या कपाळावर हात ठेवून बघितला नाही.

आणि तो आला. जसा वाटच बघत होता. म्हणाला, काळजी नका करू, बाहेर जीप आहे, ठेकेदार मित्राची, मी सोडतो तिला घरी, माझ्या रस्त्यातच आहे. बडे बाबू घाबरले होते, पाहुण्यांत बोभाटा नको, ते म्हणाले, हो हो, सोडून ये. मी म्हटलं, मी येते सोबत. तो म्हणाला, जीपमध्ये जागा नाही, मागे सामान आहे. जागा नाही! आणि त्याने लाजोच्या दंडाला धरलं.

मी आयुष्यात कोणासमोर मोठ्याने बोललेली नाही. शाळेत कविता म्हणताना माझा आवाज फुटायचा नाही. पण तेव्हा मी अशी ओरडली की भेंड्या थांबल्या. मी म्हटलं, हात सोडा तिचा. ती माझ्यासोबत आली आहे, माझ्यासोबतच जाईल. तो हसत म्हणाला, अरे, हिला आवरणार कोण, तुम्ही? मी म्हटलं, हो, मी. मी तिच्या कमरेला हात घातला आणि खाली बसली, सतरंजीवर फतकल मारून, तिला मांडीवर घेऊन, की आता उचला आम्हा दोघींना. तो इकडे तिकडे बघायला लागला. शेवटी बडे बाबूंनी टांगा बोलावला. काकू, म्हणजे बडे बाबूंची बायको, तेव्हा दाराच्या चौकटीला धरून उभी होती, पदर तोंडात, आणि खाली जमिनीकडे बघत होती. ते मी बघितलं, पण तेव्हा त्याचा विचार करायला वेळ कुठे होता.

घरी आणलं तर आईने एकही प्रश्न विचारला नाही. त्या दिवशी मी आईला ओळखलं. जी मला दफ्तरात पाठवायला तयार नव्हती, तिने लाजोला खाटेवर घेतलं, अंगावरचं सैल केलं, ओल्या फडक्याने पुसायला लागली आणि नानांना म्हणाली, गल्लीतल्या डॉक्टरांना घेऊन या, आत्ता. लाजो हवेतून काहीतरी वेचत होती, जसे तांदूळ निवडतात तशी बोटं, आणि सिंधीत कोणाशी तरी बोलत होती. डॉक्टर आले, डोळे बघितले, नाडी बघितली, म्हणाले, ही नुसती भांग नाही, ह्यात धोतरा दिसतो, सरकारी दवाखान्यात चला. आणि जाताजाता म्हणाले, स्वतःच्या हाताने प्याली असती तरी मी हेच केलं असतं, आणि दुसऱ्याने पाजलं तरी हेच, पण लोकांना ह्यातला फरक सांगावा लागेल तुम्हाला. दवाखान्यात तिचं पोट धुतलं. तिची आई आली, ती खाटेपाशीच बसून राहिली, जमिनीवर, लेकीचा पाय धरून. दुसऱ्या दिवशी लाजोने डोळे उघडले तेव्हा आईला ओळखलं, मला ओळखलं. म्हणाली, इथे कशी आली मी?

तुम्हाला सांगते, वाचली त्याचा आनंद एक दिवस, आणि मग खरं दुखणं सुरू झालं. तिला काहीच आठवत नव्हतं. तो पेला आठवायचा, आणि मग एकदम दवाखान्याचं छत. मधलं काही नाही. ती मला सारखी विचारायची, मी काय केलं? काय बोलली? पदर होता ना नीट? कोणी हात लावला? आणि मी परत पहिल्यापासून सांगायची, की तू अशी बसली, मग पाणी मागितलं, मग मी तुला धरलं, आणि तेव्हापासून तू एक क्षण माझ्या हातातून सुटली नाहीस. एक क्षण नाही. हे शेवटचं ती परत परत म्हणवून घ्यायची माझ्याकडून. मी कंटाळली नाही. ज्याचा आपल्याच आयुष्यातला एक तुकडा कोणी चोरून नेला, त्याला तो दुसऱ्याच्या तोंडून तरी मिळायला हवा की नाही?

दफ्तरात तर काय, सगळे तेच म्हणत होते, की मुलगी भांग पिऊन पडली. ते तिच्या वडिलांच्या कानावर गेलं. ते लाजोला म्हणाले, बेटी, घर छोड़ा, दुकान छोड़ी, अब बस इज्जत बची थी. भोपाळ नाही, नोकरी नाही, जातीतला एखादा मुलगा बघू. चांगला माणूस होता हो तो, वाईट नव्हता, हात कधी उचलला नाही लेकीवर, पण घाबरलेला होता, आणि एकदा घरदार उजाड होऊन आलेल्या माणसाची भीती वेगळी असते. लाजो भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

आणि मग एका दुपारी आमच्याकडे काकू आल्या. आईला वाटलं निरोपाला आल्या, हळदकुंकू आणायला आत गेली. काकू माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, कुमुद, मी बघितलं होतं. मी म्हटलं, काय? म्हणाल्या, माजघरात तो पेल्यात पुडी टाकून बोटाने ढवळत होता. मी विचारलं, काय रे? म्हणाला, कस्तुरी आहे ताई, मोठ्यांची गंमत. मला खरं वाटलं. आणि मग ती पडली तेव्हा मला कळलं, आणि तरी माझं तोंड उघडलं नाही. माझ्या पाठचा आहे ना तो, आई गेल्यावर मीच अंगाखांद्यावर वाढवला. आणि ढसाढसा रडायला लागल्या. मला राग यायला हवा होता, आलाही, पण समोर ती बाई अशी की जसं तिचंच कोणी मेलं. मग त्यांनीच डोळे पुसले. म्हणाल्या, चल, त्या मुलीच्या घरी चल. मी म्हटलं, बडे बाबूंना विचारलंत? म्हणाल्या, विचारलं तर जाऊ देणार नाहीत.

लाजोचं घर म्हणजे एक खोली आणि पुढे टिनाचं छप्पर. पापड वाळत घातलेले. वडील खाली चटईवर बसले होते, काकूंना बघून उठून उभे राहिले, साहबांच्या घरची बाई म्हणून. काकू बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाल्या, त्यांच्या मराठी हिंदीत, भाईसाहब, आपकी लड़की ने कुछ नहीं किया. मेरे भाई ने दूध में मिलाया. मैंने अपनी आँख से देखा. वडील म्हणाले, आप अपने भाई का नाम ले रही हैं? काकू म्हणाल्या, हो, माझा सख्खा भाऊ, आणि जिथे म्हणाल तिथे सांगेन, दफ्तरात सांगेन, पोलीस थाण्यात सांगेन. मग लाजो आतून उठून आली, भिंतीला धरत. काकूंनी तिच्यासमोर हात जोडले. वडिलांनी टोपी काढली, परत घातली. मग लाजोच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तू कब जाएगी भोपाल? बस, एवढंच. लाजोची आई पापडांच्या मधे बसून रडली.

काकूंनी दफ्तरात मोठ्या साहेबांसमोरही सांगितलं, सगळ्या कारकुनांच्या देखत. बडे बाबू महिनोन्महिने त्यांच्याशी बोलले नाहीत म्हणे. त्या वर्षी काकूंनी भाऊबीज केली नाही, चंद्राला ओवाळलं. त्याला काय शिक्षा झाली विचाराल, तर जशी व्हायला हवी तशी नाही झाली. थाण्यात म्हणाले, पेला कुठे आहे? पेला तर कधीच घासून झाला होता. बदली झाली त्याची, लांब कुठेतरी, आणि आम्ही त्याला परत बघितलं नाही. पण दफ्तरातली तोंडं बंद झाली, आणि हे तेव्हा आमच्यासाठी लहान नव्हतं.

लाजो भोपाळला गेली. बरीच वर्षं ती कोणाच्या हातचं पाणीही घ्यायची नाही, लग्नकार्यात सरबत आलं की तिचा चेहरा उतरायचा. नंतर तिकडे दफ्तरात मुली वाढल्या तशी तीच त्यांना सांगायला लागली. कुठे जायचं तर जा, हसा, गा, पण सोबत जा आणि सोबत या, पेला आपला आपल्या हातात ठेवा, एकदा खाली ठेवून उठलात तर तो परत उचलू नका, नवीन घ्या, चव वेगळी लागली तर थुंका, कोणाला काय वाटेल ते वाटू दे. आणि कोणी म्हणालं मला कसंतरी होतंय, तर आधी तिला धरा, बाकी चौकशी मागून. लाजो बदली होऊन जिथे गेली तिथे हे गेलं. लग्न केलं, दोन मुलं, मोठ्या पदावरून निवृत्त झाली. आता गुडघे गेलेत, पण फोनवर तसंच हसते.

आता मी माधव नगरात लेकाकडे असते. नात इंदूरला नोकरी करते, रात्री मैत्रिणींसोबत पार्टीला जाते, वाढदिवस, हे नि ते. लेक म्हणतो, आई, तू सांग तिला, नको जाऊ म्हण. मी का म्हणू? नाचायचं वय आहे, नाचू दे. घरात बसवून ठेवलं तर पाप करणाऱ्याचं काय जातं, पोरीचंच जातं ना? मी तिला लाजोचं सगळं सांगितलंय, न लपवता. ती म्हणाली, आजी, आमच्यात पण होतं असं, कोल्ड्रिंकमध्ये घालतात. मला वाटलं, इतकी वर्षं गेली आणि ते तिथल्या तिथेच. पण मग ती म्हणाली, आम्ही चौघी एकमेकींना सोडत नाही. घरी पोचली की मला फोन करते, कितीही उशीर होवो, आजी, पोचलो, सगळ्या. तोपर्यंत मी जागी असते. तशीही ह्या वयात झोप कुठे येते.

तुम्ही एवढं ऐकलंत, लिहून घेतलंत, तुमच्या घरीही लेकीबाळी असतील. सगळ्या सुखरूप घरी येवोत, अजून काय मागू. आणि येईपर्यंत कोणीतरी त्यांच्यासाठी जागं असो.